ए२७.९ की १बी९१? लेप्टोच्या कोडसाठी डब्ल्यूएचओची दोन्ही फुकट टूल्स वापरल्यावर

डब्ल्यूएचओचा जुना आयसीडी-१० ब्राउझर आणि त्यांचंच नवीन आयसीडी-११ कोडिंग टूल, दोन्ही फुकट आहेत, दोन्ही मी वापरते, आणि दोघांबद्दल माझं मत एकदम वेगळं आहे. ते मत बनलंय मुख्यतः एका आजारावरून, लेप्टोवरून, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसवरून. (आयसीडी म्हणजे प्रत्येक आजाराला ठराविक कोड देणारी डब्ल्यूएचओची जागतिक यादी, १० ही जुनी आवृत्ती, ११ ही नवी.) मी कोकणातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये एमआरडीला आहे, म्हणजे मेडिकल रेकॉर्ड. पेशंट डिस्चार्ज झाला की केस पेपरचा गठ्ठा आमच्या टेबलावर येतो, डॉक्टरांनी शेवटी काय डायग्नोसिस लिहिलंय ते वाचायचं (वाचता आलं तर) आणि त्याला कोड द्यायचा. जून ते ऑक्टोबर आमच्याकडे ताप, ताप आणि ताप. मलेरिया, डेंग्यू, लेप्टो, मधूनच स्क्रब टायफस. त्यात मलेरिया-डेंग्यूचे कोड पाठ होतात, डोकं खातो तो लेप्टो.

हे लिहितेय ते एमआरडीवाल्यांसाठी, इन्शुरन्स डेस्कवर बसणाऱ्यांसाठी, छोट्या नर्सिंग होममध्ये रिसेप्शन-बिलिंग-रेकॉर्ड सगळं एकटीच बघणाऱ्या ताईसाठी. आणि डिस्चार्ज कार्डावर कोपऱ्यात काहीतरी ए२७ लिहिलेलं बघून रात्री गुगल करणाऱ्या नातेवाईकांसाठी पण, कारण ते करतातच.

तर आयसीडी-१० मध्ये ए२० ते ए२८ हा एक गट आहे, प्राण्यांकडून माणसाला होणाऱ्या ठराविक जिवाणूजन्य आजारांचा. ए२० प्लेग, ए२१ टुलरेमिया, ए२२ अँथ्रॅक्स, ए२३ ब्रुसेलोसिस, ए२४ ग्लँडर्स आणि मेलिऑइडोसिस, ए२५ उंदीर चावल्यावर येणारे ताप, ए२६ एरिसिपेलॉइड, ए२७ लेप्टो, ए२८ मध्ये उरलेसुरले, त्यात मांजरीने ओरबाडल्यावर होतो तो कॅट-स्क्रॅच पण आला. गटाचं नाव ऐकून वाटतं की प्राण्यांकडून येणारे सगळे जिवाणू इथेच असतील, तर तसं अजिबात नाहीये. स्क्रब टायफस ए७५.३ ला, क्यू फीव्हर ए७८ ला, साल्मोनेला ए०२ ला. रेबीज तर व्हायरस, तो ए८२ ला.

आधी जुना ब्राउझर. दिसायला एकदम सरकारी, डावीकडे झाड, उजवीकडे मजकूर, वर सर्च. पण चालतो झकास. आमच्याकडे पावसात नेट रडतखडत असतं तरी पान उघडतं, लॉगिन नाही, जाहिरात नाही, ओटीपी नाही, ‘आमचं ॲप डाउनलोड करा’ नाही. २०१९ ची आवृत्ती हीच त्याची सगळ्यात ताजी, आता त्यात नवीन काही येईल अशी आशा नको. आयसीडी-१० ला मुळात जागतिक आरोग्य सभेने मंजुरी दिली १९९० च्या मे महिन्यात, म्हणजे आमच्या डिपार्टमेंटला आता लागलेली मुलं जन्मायच्या आधीची गोष्ट आहे ही, त्या मानाने गाडी बरी पळतेय.

मला त्यात सगळ्यात आवडतं ते म्हणजे कोडखाली बारीक अक्षरात लिहिलेलं ‘यात हे धरा’ आणि ‘यात हे धरू नका’. नवीन लोक नेमकं तेच वाचत नाहीत. आता बघा, लेप्टोस्पायरा हा नागमोडी जंतू, स्पायरोकीट. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलाने अभ्यासात वाचलं होतं की स्पायरोकीटचे आजार ए६५ ते ए६९ मध्ये असतात, म्हणून तो लेप्टो तिथे शोधत बसला होता. त्या गटाच्या डोक्यावरच स्पष्ट लिहिलंय की लेप्टो इथे नाही, ए२७ ला जा. कोणत्या जंतूमुळे झाला यापेक्षा कुठून आला, प्राण्याकडून, याला इथे जास्त किंमत दिलीये. पटो न पटो, नियम कळला की हात बसतो.

सर्च मात्र भाबडं आहे. केरळमध्ये लेप्टोला सरळ उंदराचा ताप म्हणतात, एलिप्पनी. आपल्याकडेही पेशंटचे नातेवाईक ‘उंदरांमुळे होतो तो ताप’ असंच सांगतात. पण त्या नावाने शोधायला जाल तर ए२५ ला पोचाल, तो वेगळाच प्रकार आहे, तिथे उंदीर प्रत्यक्ष चावलेला असावा लागतो (एक प्रकार दूषित अन्नातून पण होतो) आणि जंतू पण वेगळे. लेप्टो होतो तो उंदीर, गुरं, कुत्रे, डुकरं यांच्या लघवीने खराब झालेल्या पाण्या-चिखलातून, पायाला चीर-जखम असली की आत शिरायला त्याला तेवढं पुरतं. लावणीच्या दिवसात आमच्याकडे येणारे पेशंट बघितले की वेगळं सांगायला नको, पोटऱ्या हात लावू देत नाहीत इतक्या दुखतात, डोळे लालबुंद, आणि पायाच्या बोटांच्या बेचक्या चिखलाने खाल्लेल्या. ए२५ आणि ए२७ यात गल्लत झालेली केस शीट मी दुसऱ्या हॉस्पिटलातून रेफर होऊन आलेल्या कागदांत बघितलीये. आणि नुसताच उंदीर चावला, ताप नाही काही नाही, इंजेक्शन घेऊन घरी गेला, तर यातलं काहीच नाही, जखमेचा कोड आणि जोडीला डब्ल्यू५३.

दुसरी अडचण म्हणजे ब्राउझर मुळात पहिल्या खंडावर उभा आहे. आयसीडी-१० चे तीन खंड, पहिल्यात याद्या, दुसऱ्यात नियम, तिसऱ्यात अक्षरवार इंडेक्स. शिस्तीने कोडिंग करायचं तर सुरुवात इंडेक्सपासून करायची आणि मग यादीत येऊन खात्री करायची. तो जाडजूड इंडेक्स आमच्या कपाटात अजून आहे, कडेने वाळवी लागलेला, पण आहे.

आता मुद्द्याचं. लेप्टोला आयसीडी-१० मध्ये तीन घरं दिलीयेत. ए२७.० म्हणजे इक्टेरोहेमोरॅजिका या सेरोव्हारमुळे (सेरोव्हार म्हणजे जंतूचा उपप्रकार) झालेला, ए२७.८ म्हणजे लेप्टोचे इतर प्रकार, ए२७.९ म्हणजे प्रकार सांगितलेला नाही. वाचायला छान वाटतं. पण भारतातल्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या हॉस्पिटलात बसून सांगा बरं, सेरोव्हार कोण सांगणार? आमच्याकडे टेस्ट होते आयजीएम, कार्ड नाहीतर एलायझा. ती फक्त अँटीबॉडी आहे की नाही एवढं सांगते, ती पण साधारण पहिला आठवडा सरत आल्यावर, त्याआधी केली तर निगेटिव्ह यायची शक्यता दाट. पुढची पायरी म्हणजे मॅट ही रक्ताची टेस्ट, ती मोजक्या मोठ्या लॅबमध्ये होते, जिवंत जंतू सांभाळावे लागतात त्यासाठी, आणि त्यातून पण कळतो तो सेरोग्रुप, म्हणजे मिळत्याजुळत्या सेरोव्हारांचा गट, तो पण अंदाजाने. नेमकं सेरोव्हार हवं तर जंतू वाढवून ओळखायला हवा, आणि हा जंतू वाढायला आठवडेच्या आठवडे घेतो. तोवर पेशंट डॉक्सी नाहीतर सेफ्ट्रिॲक्सोन ही ॲन्टीबायोटिक घेऊन बरा होऊन शेतावर परत गेलेला असतो. मग होतं काय, शंभरातल्या जवळजवळ सगळ्या केसेस ए२७.९. तीन खोल्यांचं घर बांधायचं आणि सगळ्यांनी ओसरीवर झोपायचं, असला प्रकार.

त्यात वाइल्स डिसीजची भानगड वेगळी. डॉक्टर लोक वाइल्स म्हणतात ते लेप्टोच्या गंभीर रूपाला, डोळे पिवळे, किडनी बसलेली, कुठूनतरी रक्तस्राव. असं रूप कुठल्याही सेरोव्हारने होऊ शकतं. पण इंडेक्समध्ये वाइल्स बघितलं की बोट ए२७.० कडे जातं. म्हणजे डॉक्टरांनी गंभीरपणा सांगण्यासाठी एक शब्द लिहिला आणि कोडमध्ये त्याचा अर्थ झाला अमुक सेरोव्हार सापडलं. नियमाने आम्ही ए२७.० देतो, चुकीचं नाही ते, पण उद्या कोणी पुण्यात बसून आमच्या आकड्यांवरून ‘या जिल्ह्यात इक्टेरोहेमोरॅजिका वाढतोय’ असा पेपर लिहिला तर मला जाम हसू येईल. किंवा रडू.

याच गटात शेजारीच बघा, प्लेग. ए२०.० गाठीचा, ए२०.२ फुप्फुसाचा, ए२०.३ मेंदूच्या आवरणाचा, ए२०.७ रक्तात पसरलेला. अँथ्रॅक्स पण तसाच, ए२२.० कातडीचा, ए२२.१ फुप्फुसाचा, ए२२.२ पोटाचा. हे भाग डॉक्टरला समोर दिसतात, तपासून लिहिता येतात, आणि त्यांना अर्थ आहे. १९९४ ला बीड जिल्ह्यात मामला गावाकडे गाठीचा आणि सुरतेत फुप्फुसाचा असं दोन्ही बातम्यांत आलं होतं, आठवत असेल जुन्या लोकांना, स्टेशनवर तोंडाला रुमाल बांधलेली माणसं, सुरतेहून निघालेल्या गाड्या. ए२०.० आणि ए२०.२ यात किती फरक आहे हे तेव्हा सगळ्या देशाला कळलं, एक पिसवांमुळे आणि दुसरा खोकल्यातून माणसाकडून माणसाला. असा कोड उपयोगाचा. लेप्टोची विभागणी पण अशी केली असती, कावीळ आहे का, किडनी आहे का, फुप्फुसात रक्तस्राव आहे का, तर आमच्या कागदांवरून काहीतरी खरं कळलं असतं. एकाच गटात काही आजार शरीराच्या भागावरून फोडलेत आणि काही जंतूच्या जातीवरून, आणि हेच माझं जुन्या आयसीडीबद्दलचं मुख्य गाऱ्हाणं आहे.

ब्रुसेला दुसऱ्या टीममधला. ए२३.० मेलिटेन्सिस म्हणजे मुख्यतः शेळ्यामेंढ्या, ए२३.१ अबॉर्टस म्हणजे गाईम्हशी, ए२३.२ सुइस डुकरं, ए२३.३ कॅनिस कुत्रे. कागदावर सुंदर, कोडवरून कळेल कुठल्या जनावराकडून आला. पण आपल्याकडे लॅबमधून येतं ते रोझ बेंगाल नाहीतर ट्यूब ॲग्लुटिनेशनचा टायटर (रक्तात अँटीबॉडी किती तो आकडा), आणि त्यातून मेलिटेन्सिस की अबॉर्टस हे कळतच नाही. परत ए२३.९. पेशंट सांगतो घरी दोन म्हशी आणि चार शेळ्या, कच्चं दूध पितो, गेल्या महिन्यात म्हैस गाभडली तेव्हा हाताने वार काढली. ही एवढी माहिती केस पेपरवर असते, कोडमध्ये यातलं काहीही उतरत नाही. बाय द वे, ज्यांच्या गोठ्यात कालवडी-पारड्या आहेत त्यांनी चार ते आठ महिन्यांच्या माद्यांना ब्रुसेलाची लस टोचून घ्या, २०१९ पासून केंद्राच्या कार्यक्रमात आहे ती, लाळ्या-खुरकतबरोबर. रिव्ह्यूचा विषय नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

ब्रुसेलासाठी मात्र आयसीडी-१० ला एक गोष्ट छान जमलीये, ती कट्यार आणि चांदणीची पद्धत. मूळ आजाराला कट्यारीचं चिन्ह आणि तो शरीरात जिथे दिसतो त्याला चांदणी. ब्रुसेला मणक्यात गेला की ए२३ कट्यार आणि जोडीला एम४९.१ चांदणी, खास ब्रुसेलाच्या मणक्यासाठीच ठेवलेला कोड. कंबर धरून महिनोन्महिने टीबी समजून फिरणारा पेशंट असा दोन कोडांत बरोबर बसतो. लेप्टो मेंदूच्या आवरणात गेला तर ए२७ च्या जोडीला जी०१. किडनी गेली तर एन१७ वेगळा लावा, तिथे चांदणी वगैरे नाही, साधा जोडकोड. आमच्याकडे बऱ्याच ठिकाणी दुसरा कोड देतच नाहीत कारण सॉफ्टवेअरमध्ये एकच रकाना असतो. यात डब्ल्यूएचओचा दोष नाही, सॉफ्टवेअर विकणाऱ्याचा आहे.

आता संशयित केसेस. दुसऱ्या खंडातला नियम असा आहे की पेशंट घरी जाताना पण डायग्नोसिस ‘सस्पेक्टेड’ असंच राहिलं आणि पुढे काही माहितीच नाही, तर तो आजार झालाय असं धरून कोड द्यायचा. तपासून नाही असं निघालं तर मात्र झेड०३. म्हणजे ‘सस्पेक्टेड लेप्टो, ॲन्टीबायोटिक दिलं, बरा झाला’ हा पेशंट आणि मॅट पॉझिटिव्ह आलेला पेशंट दोघेही ए२७.९ च्याच खात्यात. साथरोगवाल्यांचं वेगळं असतं, त्यांच्या फॉर्ममध्ये डॉक्टरने अंदाजाने सांगितलेल्या केसेस पी ला आणि लॅबने सांगितलेल्या एल ला, म्हणून त्यांचा आकडा आणि आमचा आकडा कधीच जुळत नाही, आणि दरवर्षी कोणीतरी नवीन साहेब येऊन विचारतो की का जुळत नाही. साहेब, दोन वेगळ्या वह्या आहेत.

गुगलबद्दल एक इशारा, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. कोड गुगल केला की वर येतात त्या बहुतेक अमेरिकन साइट. अमेरिकेने आयसीडी-१० ची आपली वेगळी आवृत्ती केलीये, सीएम म्हणतात तिला, १ ऑक्टोबर २०१५ पासून तिथे चालू आहे. त्यात ए२७.८ फोडून ए२७.८१ म्हणजे लेप्टोचा मेनिन्जायटिस (मेंदूच्या आवरणाची सूज) आणि ए२७.८९ म्हणजे इतर असे दोन केलेत. ए२७.८१ डब्ल्यूएचओच्या ब्राउझरमध्ये टाकून बघा, मिळणार नाही. डेंग्यूचं उलटं, डब्ल्यूएचओने ए९७ आणला, अमेरिकन साइटवर अजून ए९० आणि ए९१. पुण्या-नवी मुंबईत जी मुलं अमेरिकन हॉस्पिटलांचं कोडिंग करतात त्यांना हाच सीएम पाठ असतो, हुशार असतात, पण तिकडून इकडे नोकरीला आली की पहिला महिना सीएम विसरण्यातच जातो. आपल्या कॅशलेसच्या क्लेम फॉर्मच्या बी भागात आयसीडी-१० चा रकाना आहे आणि खालीच प्रोसिजरसाठी आयसीडी-१० पीसीएस लिहिलंय, ते पीसीएस अमेरिकन. म्हणजे एकाच फॉर्मवर वर जिनिव्हा (डब्ल्यूएचओ) आणि खाली अमेरिका. एका टीपीएकडून (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी संस्था, नाव नको) आमचा एक लेप्टो मेनिन्जायटिसचा क्लेम परत आला होता, शेरा काय तर कोड डायग्नोसिसशी जुळत नाही. आम्ही ए२७.९ आणि जी०१ दिलेला, पुस्तकाप्रमाणे. त्यांच्या सिस्टीमला ए२७.८१ हवा होता. तीन फोन, दोन मेल, आणि फोनवरची ताई मला ‘मॅडम तुम्ही गुगल करा ना’ म्हणते. पेशंटचा मुलगा काउंटरसमोर उभा, बिल भरायला पैसे नाहीत म्हणून डिस्चार्ज अडकलेला. शेवटी डॉक्टरांचं पत्र जोडून सुटला क्लेम.

बरं, आता नवीन टूल. आयसीडी-११ मंजूर झालं मे २०१९ ला आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू. कोडिंग टूल उघडलं की एक सर्चचा डबा, अर्धा शब्द टाईप केला की शब्द सुचवायला लागतं आणि कोड समोर. लेप्टो एवढं टाकलं तरी काम होतं. कपाटातला इंडेक्स काढायची गरजच संपली, कारण इंडेक्सच आता टूलच्या पोटात आहे. हे खरंच मस्त केलंय, यासाठी पैकीच्या पैकी.

आणि लेप्टोला कोड किती? एक. १बी९१. बस. सेरोव्हारवाली तीन घरं गेली. ब्रुसेलाला पण एकच, १बी९५. प्लेग १बी९३ खाली मात्र गाठीचा, फुप्फुसाचा वगैरे फांद्या ठेवल्यात, अँथ्रॅक्स १बी९७ खाली पण. म्हणजे कोणीतरी बसून विचार केलाय की कुठली विभागणी दवाखान्यात बसून करता येते आणि कुठली नाही. मेलिऑइडोसिसला पण ग्लँडर्सच्या खोलीतून काढून १सी४२ ला नेलंय, बरोबरच आहे, ग्लँडर्स घोड्या-गाढवांकडून येतो आणि मेलिऑइडोसिस माती-पाण्यातून, दोन्ही जंतू भाऊबंद असले म्हणून एकाच घरात कोंबायची गरज नव्हती.

बाकीची माहिती जोडायची ती मूळ कोडला शेपूट लावून. लेप्टोमुळे किडनी बसली तर १बी९१, मग तिरकी रेघ, मग जीबी६० मधला कोड. जंतूची जात लॅबने सांगितलीच असेल तर एक्सएन ने सुरू होणारा कोड अँडच्या चिन्हाने जोडा. डायग्नोसिस पक्कं नाही, तात्पुरतं आहे, यासाठी पण शेपटाचा कोड आहे! मघाशी मी रडले ना की सस्पेक्टेड आणि कन्फर्म्ड एकाच खात्यात जातात, त्याचा इलाज इथे आहे, निदान कागदावर. ज्याला जेवढं कळलंय त्याने तेवढंच लिहायचं, कळलं नसेल तर नुसतं १बी९१ लिहून मोकळं व्हायचं, आणि ‘अनस्पेसिफाइड’ चा शिक्का पण बसत नाही.

कोडची रचना पण विचारपूर्वक आहे. ओ आणि आय ही अक्षरं वापरलीच नाहीत, शून्य आणि एकशी गोंधळ नको म्हणून. दुसरी जागा कायम अक्षराची, म्हणजे जुना कोड की नवा हे बघताक्षणी कळतं. तिसरी जागा आकड्याची, का तर चुकून कुठला वावगा इंग्रजी शब्द तयार व्हायला नको. आमच्या एका डॉक्टरांच्या अक्षरात शून्य, ओ आणि सहा एकसारखे दिसतात त्यामुळे पहिल्या सोयीची किंमत मला विचारा.

मग तक्रार काय? तक्रार अशी की हे सगळं बघून खूश व्हायचं, टॅब बंद करायचा आणि परत ए२७.९ लिहायला लागायचं. क्लेम फॉर्म आयसीडी-१० मागतो, आमचं सॉफ्टवेअर आयसीडी-१० मागतं, वर पाठवायचे रिपोर्ट आयसीडी-१० मागतात. नवा कोड टाकायचा म्हटलं तर रकान्यात मावतच नाही, रकाना पाच-सहा अक्षरांचा आणि शेपूटवाला कोड त्याच्या दुप्पट. शिवाय शेपूट कधी रेघेने लावायचं आणि कधी अँडने हे शिकवल्याशिवाय कळत नाही, टूल मदत करतं पण पहिल्यांदा बघणारा गांगरतो. ऑफलाइन टाकून घ्यायची सोय आहे, पण ती कॉम्प्युटरवाल्या माणसाचं काम, आमचा कॉम्प्युटरवाला प्रिंटरच्या टोनरपलीकडे जात नाही. भाषांच्या यादीत अरबी आहे, चिनी आहे, स्पॅनिश आहे, मराठी नाही, हिंदी पण नाही. जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीत आयुर्वेद-सिद्ध-युनानीचा भाग आयसीडी-११ साठी मोठ्या थाटात जाहीर झाला, आनंदच आहे, पण आम्हाला साध्या तापाचा नवा कोड अधिकृतपणे कधी लिहायला मिळणार ते पण कोणीतरी थाटात जाहीर करा.

मृत्यूच्या दाखल्याबद्दल थोडं, कारण तिथे कोणतंच टूल कामाला येत नाही. फॉर्म ४ वर पहिल्या भागात वरून खाली ओळी असतात, वर लगेचचं कारण आणि सगळ्यात खाली मूळ कारण. लेप्टोने फुप्फुसात रक्तस्राव होऊन माणूस गेला तर खालच्या ओळीत लेप्टो यायला हवा, तोच मोजला जातो. रात्रीच्या ड्यूटीचा दमलेला डॉक्टर लिहितो ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’, संपलं. त्याचा कोड आय४६.९, आणि लेप्टोचा एक मृत्यू आकड्यातून गायब. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पडला, पुढच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टोचे पेशंट यायला लागले, तेव्हापासून तरी डॉक्टरांच्या डोक्यात पाणी तुंबलं की लेप्टो हे बसलंय, त्याआधीच्या पावसाळ्यांमधले किती असे अरेस्टच्या नावावर गेले असतील कोण जाणे. आम्ही आता दाखला वर पाठवायच्या आधी डॉक्टरांना फोन करतो. काही चिडतात. करतोच तरी.

मार्क द्यायचेच तर जुन्या ब्राउझरला पाचात साडेतीन, त्यातला एक फक्त न अडकता चालतो म्हणून. नव्या टूलला साडेचार, अर्धा कापला तो शेपटांच्या गुंत्यासाठी. पण कामाला लावा जुनाच, निदान वरून ऑर्डर येईपर्यंत, आणि नवा शेजारच्या टॅबमध्ये उघडा ठेवा. मी तर आता शोधते आयसीडी-११ मध्ये, कारण तिथे पटकन सापडतं आणि आजाराची नीट व्याख्या पण वाचायला मिळते, आणि लिहिते आयसीडी-१० मध्ये, यादीत खात्री करून. ए२७.० लिहायच्या आधी केस पेपरवर सेरोव्हारचा रिपोर्ट तरी किंवा डॉक्टरांच्या हातचं वाइल्स तरी आहे का बघा, दोन्ही नसेल तर नुसत्या काविळीवरून ए२७.० देऊ नका, ए२७.९ द्या आणि काविळीचा, किडनीचा कोड जोडीला लावा. आणि पुराच्या पाण्यातून चालून आलेले, ताप नाही, फक्त डॉक्सीची गोळी घ्यायला ओपीडीत रांग लावणारे जे असतात, त्यांना काहीजण गठ्ठ्याने ए२७ मध्ये टाकतात. ते पेशंट नाहीत. त्यांचा कोड झेड२९.२.